‘रश’ म्हणजे नुसती गर्दी नव्हे. जाणून घ्या अर्थ आणि वापर

यवतमाळ : ‘आर्णीच्या गाडीले आज लय रश हाय,’ असं बसस्थानकावर नेहमी ऐकू येतं. आपल्याकडं रश म्हणजे गर्दी. पण या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ घाईने धाव घेणे किंवा कोणाला तातडीने नेणे असा आहे.

‘डोन्ट रश’ म्हणजे घाई करू नका. ‘रश अवर’ म्हणजे गर्दीची वेळ. बातमीत ‘रश्ड टू हॉस्पिटल’ दिसलं, तर दवाखान्यात गर्दी झाली असं समजू नये. रुग्णाला तातडीने दवाखान्यात हलवलं, असा त्याचा अर्थ.

‘रॅश’ हा शब्द वेगळा. अंगावर रॅश म्हणजे पुरळ, तर ‘रॅश ड्रायव्हिंग’ म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणे.

२०१७ च्या हंगामात जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. फवारणी करताना किंवा नंतर मळमळ, चक्कर आली, डोळ्यांपुढं धूसर दिसू लागलं, तर घरी पडून राहू नका. कपडे बदला, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन लावा. औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना विष ओळखता येतं.