अंगावरील मापनसाधने व व्यावसायिक खेळाडू

खेळाडूची धाव, वेग, हृदयाचे ठोके, झोप यांची नोंद ठेवणारी, अंगावर वागवायची इलेक्ट्रॉनिक साधने. त्यांतले सर्वांत रुळलेले जीपीएस व्हेस्ट. छातीपुरत्या घट्ट बनियनला पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध खिसा असतो. त्यातले छोटे यंत्र उपग्रहांच्या मदतीने सेकंदाला साधारण दहा वेळा खेळाडूची जागा टिपते आणि त्यातलाच त्वरणमापक धक्के, वळणे, उड्या मोजतो. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात पोर्तुगालविरुद्ध गोल केल्यावर दक्षिण कोरियाच्या ह्वांग ही-चानने जर्सी काढली, तेव्हा आतले हे काळे बनियन जगभर दिसले.

खेळाडू ही साधने कितपत राजीखुशीने वापरतो, हे यंत्राच्या अचूकतेपेक्षा आकडे कोणाच्या हाती पडतात यावर ठरते. सायकलपटूंनी पायाचा जोर मोजणारा पॉवर मीटर फारशी कुरकुर न करता स्वीकारला, कारण किती जोर लावायचा हे त्यांना स्वतःलाच हवे होते. सांघिक खेळात यंत्र संघ देतो आणि करारही संघच करतो. स्नायू थकल्याची वेळीच सूचना देणारा आकडा करार संपत आल्यावर ‘खेळाडू मंदावला’ याचा पुरावा ठरू शकतो.

ही भीती अमेरिकेतील बास्केटबॉल लीग एनबीएच्या २०१७ च्या सामूहिक करारात स्पष्ट उमटली. त्यानुसार साधनाचा वापर ऐच्छिक असून खेळाडू केव्हाही नकार देऊ शकतो. यंत्र काय मोजते व त्याचा उपयोग काय, हे संघाने आधी लेखी कळवायचे. खेळाडूला त्याची सगळी माहिती पाहता आली पाहिजे. मानधनाच्या वाटाघाटीत हे आकडे वापरणाऱ्या संघाला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. अर्थात राखीव बाकावरच्या नवख्याने प्रशिक्षकाला ‘नको’ म्हणणे कागदावर सोपे. फुटबॉलमध्ये फिफा व खेळाडूंची संघटना फिफप्रो यांनी २०२२ मध्ये खेळाडूंच्या माहितीविषयक हक्कांची सनद काढली.

उलट प्रकारही घडतो: साधन खेळाडूलाच हवे असते आणि नकार वरून येतो. २०१६ मध्ये बास्केटबॉलपटू मॅथ्यू डेलाव्हेडोव्हा ‘व्हूप’ या कंपनीचा मापनपट्टा मनगटावर बांधून एनबीएचे सामने खेळत होता. तो पट्टा काढायला लावला तो लीगने. रक्तातील साखरेचा अंदाज सतत देणारे संवेदक सायकलपटूंना हवेसे वाटू लागले, तेव्हा २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाने शर्यतीत त्यांवर बंदी घातली. सरावात ते चालतात.