हॉलिहॉक : अंबाडी-भेंडीचे उंच भावंड

अक्कलकोटच्या शेतकऱ्याला अंबाडी आणि भेंडी नवी नाही. त्यांच्याच माल्व्हेसी अर्थात भेंडी कुलातील शोभिवंत वनस्पती म्हणजे हॉलिहॉक, हिंदीत गुलखैरा. शास्त्रीय नाव अल्सिया रोझिया. जुन्या ग्रंथांत ती अल्थिया प्रजातीत घातलेली आढळते. भेद फुलातच दिसतो : अल्थियाचा केसरस्तंभ गोल व लवदार, तर हॉलिहॉकचा पंचकोनी व गुळगुळीत असतो.

खोड सरळ, केसाळ, सुमारे दोन मीटर उंच. पाने खरबरीत, हृदयाकृती, ३ ते ७ खंडांची. पानांच्या बगलेतील मोठी फुले खालून वर उमलत जातात. पाकळ्या पाच, जास्वंदीप्रमाणेच असंख्य पुंकेसर जुळून मधोमध नळी बनते. परागकोश आधी पिकतात, किंजल्क नंतर, त्यामुळे परपरागणास वाव मिळतो. फळ चपटी चकती. वाळल्यावर तिचे एकबीजी भाग सुटे होतात.

थंड देशांत हे झाड बहुधा दुसऱ्या वर्षी फुलते. आपल्या मैदानी भागात मात्र ते हिवाळी हंगामी म्हणून लावतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेले बी उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलावर येते. अक्कलकोटकडील काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत मुळे कुजण्याचा धोका असतो, म्हणून वाफा उंच व निचऱ्याचा हवा. सोटमूळ खोल जात असल्याने मोठे रोप हलवू नये. खरा शत्रू तांबेरा. पानांच्या खालच्या बाजूस नारिंगी-तपकिरी फोड दिसताच ती पाने तोडून नष्ट करावीत.