उत्तर नाही, प्रयत्न चालू

युनिक्स संगणकाच्या पडद्यावर अधूनमधून उमटणारी 'नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग', म्हणजे सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे, ही ओळ रूढ झाली ती सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीच्या, दुसऱ्या यंत्रावरच्या (सर्व्हरवरच्या) फायली वापरू देणाऱ्या 'नेटवर्क फाइल सिस्टिम' अर्थात एनएफएस या रचनेमुळे. रसेल सँडबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८५ च्या युसेनिक्स परिषदेतील निबंधात मांडलेल्या या रचनेत सर्व्हर 'स्टेटलेस' होता. कोणी कोणती फाइल उघडली याची नोंद तो ठेवत नसे, आणि कोणती फाइल, कुठपासून, किती बाइट हे सारे प्रत्येक मागणीतच लिहिलेले असल्यामुळे सर्व्हर बंद पडून पुन्हा उभा राहिला काय किंवा नुसता मंदावला काय, मागणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखेच. त्याने तीच मागणी पुन्हा पाठवायची.

पण किती वेळ? जुने प्रोग्रॅम स्थानिक डिस्क गृहीत धरून लिहिलेले होते आणि फाइल लिहिताना आलेली चूक तपासण्याची तसदी त्यांतील कित्येक घेत नसत, त्यामुळे ठरावीक प्रयत्नांनंतर चूक कळवून मोकळी होणारी 'सॉफ्ट माउंट' ही जोडणी वरवर सोयीची असली तरी अर्धवट लिहिलेल्या फायलींना निमंत्रण देणारी होती. म्हणून अनंत काळ वाट पाहणारी 'हार्ड माउंट' हीच मूळ पद्धत ठरली, आणि ते योग्यच झाले.

तिची किंमत मात्र जबर होती. सर्व्हर गेलेल्या फोल्डरवर फायलींची यादी दाखवणारी साधी 'एलएस' आज्ञा दिली तरी ती तिथेच गोठे, प्रक्रियांच्या यादीत तिच्यापुढे 'डी', म्हणजे व्यत्यय न स्वीकारणारी झोप, हे अक्षर दिसे आणि प्रक्रिया सक्तीने संपवण्याचा, एरवी हमखास लागू पडणारा 'किल -९' हा उपायही फुकट जाई. यावर संकेत पाठवून ही वाट पाहणे तोडू देणारी 'इंटर' नावाची सवलत निघाली. पुढे २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२५ या आवृत्तीत मॅथ्यू विलकॉक्स यांनी फक्त प्राणघातक, म्हणजे प्रक्रिया संपवणारे, संकेत ऐकणारी 'किलेबल' झोप आणली, तेव्हा ती सवलत निरर्थक ठरली.

पुनःपुन्हा मागण्यातही एक खोच होती: फाइल पुसली गेली पण पोचपावती वाटेत हरवली, तर दुसऱ्या मागणीला 'अशी फाइल नाही' असे उत्तर येई. ते टाळण्यासाठी सर्व्हरला अलीकडची उत्तरे जपून ठेवावी लागली, म्हणजे विस्मरणशील सर्व्हरला थोडी स्मृती द्यावी लागली. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत तर तो उघडलेल्या फायली व कुलपे मुदतीच्या भाडेपट्ट्यावर नोंदवू लागला.