नळीवरची दोन अक्षरे

जुन्या शस्त्रांचा संग्रह म्हटला म्हणजे पोलाद, शिसवी, हस्तिदंत ही नावे मनात येतात; नायलॉन येत नाही. तथापि अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने १९५९ साली विक्रीस काढलेली ‘नायलॉन ६६’ ही .२२ रिमफायर रायफल आज तेथील संग्राहक मोठ्या हौसेने शोधीत असतात. १९३५ साली ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत कॅरोदर्सने नायलॉन सिद्ध केले. रेमिंग्टनही १९३३ पासून ड्यू पाँटच्याच ताब्यात होती. त्यामुळे अक्रोडाच्या दस्त्याची जागा या नव्या द्रव्यास सहज मिळाली. त्याच वर्षी टॉम फ्राय या नेमबाजाने हिच्या साहाय्याने हवेत फेकलेले १,००,०१० लाकडी ठोकळे टिपले. त्यांत नेम चुकले अवघे सहा!

अमेरिकेतील १९६८ च्या कायद्यापूर्वी अशा रायफलींवर अनुक्रमांक सक्तीचा नव्हता. म्हणून संग्राहक नळीवरील दोन रोमन अक्षरे वाचतो. पहिले महिन्याचे, दुसरे वर्षाचे. परंतु नळी सहज बदलता येते. नकलेवरील तिथी ही ग्रंथरचनेची तिथी नव्हे, हा पोथ्यांच्या अभ्यासकाचा नियम येथेही लागू पडतो.

अशा रायफली दहा लाखांहून अधिक निघाल्या. जे सर्वांच्या घरी असते ते कोणीच जपत नाही. आणि सामान्यांच्या जीवनाचा इतिहास लिहावयाचा तो तर अशाच वस्तूंवरून. राजाची तलवार जपावयास राजवाडा असतो. पोराच्या हातातील स्वस्त बंदुकीस मात्र एखाद्या छांदिष्टाचाच आधार.