पहिल्या ‘स्थिर’ आवृत्तीची तयारी : इथेरियम, फ्रंटिअर ते होमस्टेड

एखाद्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची पहिली स्थिर आवृत्ती आली म्हणजे मोठ्या चुका निघाल्या, आता ते रोजच्या कामासाठी वापरता येईल, असा अर्थ आपण घेतो. राहिलेली चूक सापडली तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल, हे त्यात गृहीत असते. ब्लॉकचेन सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे गृहीतक पुरत नाही. ते का, आणि त्यामुळे तयारी कशी करावी लागली, हे या टिपणात इथेरियमच्या २०१४ ते २०१६ या काळातील इतिहासावरून पाहू.

मुळातली अडचण

ब्लॉकचेनमध्ये प्रत्येक पूर्ण नोड प्रत्येक व्यवहार स्वतः पडताळतो आणि सर्वांचे उत्तर तंतोतंत सारखे यावे लागते. दोन नोडवरील सॉफ्टवेअरने एका व्यवहाराचा निकाल जरी वेगळा लावला, तरी साखळी दुभंगू शकते. शिवाय जुन्या ब्लॉकमधील नोंद सहजासहजी मागे जाऊन बदलता येत नाही. नियम बदलायचा असेल तर ठरलेल्या ब्लॉकपासून सर्वांनी नवी आवृत्ती चालवावी लागते. यालाच हार्ड फोर्क म्हणतात.

केवळ आवृत्तीच्या क्रमांकावरूनही काही ठरत नाही. बिटकॉइनचे सॉफ्टवेअर २००९ मध्ये ०.१ या क्रमांकाने सुरू झाले आणि २०२१ मध्ये ०.२१ नंतर थेट २२.० वर गेले. १.० ही आवृत्ती आलीच नाही.

आधी पैसे, मग सॉफ्टवेअर

व्हिटालिक ब्युटेरिन यांनी इथेरियमची कल्पना २०१३ च्या अखेरीस मांडली. २०१४ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये ४२ दिवस ईथरची आगाऊ विक्री झाली. त्यातून ३१ हजारांहून अधिक बिटकॉइन जमा झाले. म्हणजे जाळे सुरू होण्यापूर्वीच हजारो लोकांचे पैसे त्यात गुंतले होते. चूक झाली तर तोटा त्यांचा होता.

म्हणून नियम प्रथम कागदावर पक्के केले गेले. गॅविन वुड यांनी २०१४ मध्ये ‘यलो पेपर’ लिहून इथेरियमच्या आभासी यंत्राचे वर्तन गणिती भाषेत मांडले. त्याबरहुकूम गो, सी++ आणि पायथॉन या भाषांत स्वतंत्र प्रोग्रॅम तयार झाले. त्या सर्वांना एकच चाचणी संच लावला जाई. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर एकाचा कोड चुकला असेल किंवा मूळ नियमच संदिग्ध असेल. एकाच प्रोग्रॅमच्या चाचणीत ही दुसरी शक्यता सहसा लक्षात येत नाही.

मे २०१५ मध्ये ‘ऑलिम्पिक’ हे चाचणी जाळे सुरू झाले. जाळ्यावर जास्तीत जास्त ताण आणणाऱ्यांसाठी २५,००० ईथरपर्यंतची बक्षिसे ठेवली होती. याशिवाय बाहेरच्या सुरक्षातज्ज्ञांकडून तपासणी झाली आणि चुका शोधणाऱ्यांसाठी बक्षीस योजनाही होती.

फ्रंटिअर : मुद्दाम अपुरी आवृत्ती

३० जुलै २०१५ रोजी ‘फ्रंटिअर’ सुरू झाले. पहिला ब्लॉक कोणा एकाने तयार करून वाटला नाही. विक्रीच्या नोंदी आणि चाचणी जाळ्यावरील १०,२८,२०१ क्रमांकाच्या ब्लॉकचा हॅश यांवरून प्रत्येकाने तो स्वतः तयार करायचा होता. हा हॅश आधी कळणे शक्य नसल्याने कोणालाही वेळेपूर्वी सुरुवात करता आली नाही.

सुरुवातीला प्रत्येक ब्लॉकची गॅस मर्यादा ५,००० होती. गॅस म्हणजे संगणनाच्या कामाचे एकक. साध्या हस्तांतरणालाच २१,००० गॅस लागतो, त्यामुळे मायनिंग होत होते, पण एकही व्यवहार होऊ शकत नव्हता. जाळे स्थिरावते का, हे आधी पाहायचे होते. पहिला व्यवहार ७ ऑगस्टला, ४६,१४७ व्या ब्लॉकमध्ये नोंदला गेला. वापरासाठी फक्त कमांड लाइन होती, म्हणजे जाणकारच पुढे येतील अशी अपेक्षा.

आणखी एक सोय होती : ‘कॅनरी’ कॉन्ट्रॅक्ट्स. विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून खाणीत कॅनरी पक्षी नेत, त्यावरून हे नाव पडले. गंभीर चूक आढळल्यास विकासकांपैकी काही जण त्यांतून इशारा देणार आणि मायनिंग थांबणार, अशी ही व्यवस्था होती. म्हणजेच विकेंद्रित म्हणवणाऱ्या जाळ्याचा ब्रेक मोजक्या लोकांच्या हाती होता.

होमस्टेड : स्थिर म्हणजे काय बदलले?

१४ मार्च २०१६ रोजी, ११,५०,००० व्या ब्लॉकपासून ‘होमस्टेड’ लागू झाले. ही इथेरियमची पहिली स्थिर आवृत्ती मानली जाते. अनुभवातून दिसलेल्या उणिवा त्यात दूर केल्या. उदाहरणार्थ, व्यवहाराद्वारे कॉन्ट्रॅक्ट तयार करण्याचा मूळ खर्च २१,००० वरून ५३,००० गॅस झाला, कारण जुन्या दरामुळे ही पद्धत अकारण स्वस्त पडत होती. ‘डेलिगेटकॉल’ ही नवी सूचनाही आली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे कॅनरी कॉन्ट्रॅक्ट्स काढून टाकली. म्हणजे येथे ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ ‘निर्दोष’ असा नव्हता. आता थांबवण्याची कळ आमच्या हाती नाही, असे सांगणे त्यात होते.

कसोटी

तीनच महिन्यांत, जून २०१६ मध्ये, ‘द डाओ’ या कॉन्ट्रॅक्टमधील त्रुटीचा फायदा घेऊन सुमारे ३६ लाख ईथर काढून घेतले गेले. चूक इथेरियमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती, त्यावर लिहिलेल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये होती. तरीही पैसे परत मिळवून देण्यासाठी २० जुलै २०१६ रोजी हार्ड फोर्क झाला. ज्यांना तो मान्य नव्हता, ते जुन्या साखळीवरच राहिले. ती आज इथेरियम क्लासिक म्हणून ओळखली जाते.

चार महिन्यांपूर्वी कळ काढून टाकली होती. तरी पुरेसे लोक एकत्र आले तर नियम बदलता येतो, हे यातून दिसले. त्याची किंमतही दिसली : समुदाय दुभंगला. चाचणी संचाने कोड तपासता येतो. दिलेला शब्द कधी मोडायचा, हे मात्र माणसांनाच ठरवावे लागते. म्हणून स्थिर आवृत्तीची तयारी करताना कोडबरोबर निर्णयाची पद्धतही आधी ठरवायला हवी.

विचार करा

१. एकाच नियमपत्रावरून तीन भाषांत प्रोग्रॅम लिहिण्याचे फायदे आणि धोके कोणते?
२. सुरुवातीची गॅस मर्यादा २१,००० पेक्षा जास्त ठेवली असती तर कोणता धोका वाढला असता?
३. जुलै २०१६ मध्ये तुम्ही नोड चालवत असता, तर कोणत्या साखळीवर राहिला असता? कारणे द्या.