शस्त्रपरवान्यासाठीची चारित्र्य पडताळणी आणि केंद्रीकरणाचा प्रश्न : कामठी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

बंदूक विकत घेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीचे पूर्वचारित्र्य कोणी तपासावे, हा प्रश्न वरकरणी प्रशासकीय वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी शासन आणि प्रजा यांच्यातील विश्वासाचे नाते आहे. ही तपासणी स्थानिक पोलीस ठाण्याने करावी की एका मध्यवर्ती यंत्रणेने, याचा विचार अनेक देशांत झाला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा कामठी परिसराच्या संदर्भात घेतला आहे.

वासाहतिक पार्श्वभूमी

१८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांच्या वर्चस्वाखाली आले आणि १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी कामठीची लष्करी छावणी वसविण्यात आली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. जून १८५७ मध्ये नागपुरातील अनियमित घोडदळाने आखलेला उठावाचा बेत कामठीच्या मद्रासी पलटणींच्या साहाय्याने मोडून काढण्यात आला. शस्त्र कोणाच्या हाती आहे यावर सत्ता अवलंबून असते, हा धडा राज्यकर्त्यांनी त्यातून घेतला. १८५७ व १८६० चे शस्त्रविषयक कायदे आणि त्यानंतर लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ चा कायदा हे याच भयाचे अपत्य होय.

१८७८ च्या व्यवस्थेत युरोपियनांना परवान्यातून सूट होती. भारतीयाला मात्र परवाना आवश्यक होता. म्हणजे अर्जदाराचे वर्तन पाहण्यापूर्वीच त्याचा वंश पाहिला जाई. तपासणीचा पाया व्यक्तीवर नव्हे, तर वर्गावर होता. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्यात बदल करण्याची मागणी केली, आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला गेला.

स्वातंत्र्योत्तर काळ

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हा विषय पुन्हा उपस्थित झाला. नागपूर ही ज्याची राजधानी होती, त्या मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी कराची ठरावाचा आधार घेऊन शस्त्र बाळगण्याचा हक्क संविधानात समाविष्ट करण्याची दुरुस्ती सुचविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. कोणीही बाजारात जाऊन विनाअडथळा शस्त्रे खरेदी करू लागल्यास राज्यकारभार चालणेच अशक्य होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. शस्त्र हा हक्क न राहता तपासणीअंती मिळणारी परवानगी ठरली, ती येथे.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाने या परवानगीची चौकट आखली. कायदा संपूर्ण देशासाठी एकच असला, तरी पडताळणी स्थानिक राहिली. अर्जदाराच्या नजीकच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागविणे परवाना प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मात्र विहित मुदतीत अहवाल न आल्यास त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभाही त्याच कलमात आहे.

कामठी परिसरात या व्यवस्थेचे दोन प्रकार शेजारीशेजारी आढळतात. कामठी शहरातील पोलीस ठाणी नागपूर शहर पोलीस आयुक्तालयात येतात. आयुक्तालयाच्या हद्दीत जिल्हादंडाधिकाऱ्याचे शस्त्रविषयक अधिकार कायद्यानेच पोलीस आयुक्तांना दिले आहेत. नदीपलीकडील कन्हान ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असल्याने तेथील परवान्याचा निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयात होतो. एका तीरावर चौकशी करणारे व परवाना देणारे खाते एकच, तर दुसऱ्या तीरावर पोलिसांच्या अहवालाकडे दुसरे खाते तटस्थपणे पाहू शकते. नागरिक एकाच बाजारपेठेतले, कायदा एकच; परंतु अर्ज कोणाच्या नजरेखालून जातो, हे नदी ठरविते.

केंद्रीकरणाचे प्रयत्न

२०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन शस्त्रपरवान्यांच्या राष्ट्रीय माहितीसंचाची तरतूद झाली व प्रत्येक परवानाधारकास विशिष्ट ओळख क्रमांक अनिवार्य ठरला. २०१६ च्या नव्या नियमांनी अर्जासोबत वैद्यकीय दाखलाही आवश्यक केला. या प्रयत्नांची निकड जम्मू-काश्मीरमधील प्रकरणावरून ध्यानात येते. २०१२ ते २०१६ या काळात तेथे अडीच लाखांहून अधिक परवाने अपात्र व्यक्तींना दिले गेल्याचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा आरोप आहे. एका जिल्ह्यातील शिथिल पडताळणीचे परिणाम अन्य राज्यांनाही भोगावे लागू शकतात.

तथापि, केवळ केंद्रीकरण पुरेसे नसते. अमेरिकेत १९९८ पासून राष्ट्रीय तपासणी यंत्रणा कार्यरत आहे. तरीही २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांचे प्राण घेणाऱ्या तरुणास बंदुका विकत मिळाल्या, कारण त्याच्या मानसिक स्थितीविषयीचा न्यायालयीन निर्णय त्या यंत्रणेपर्यंत पोहोचलाच नव्हता. त्याच देशातील वॉशिंग्टन राज्याने स्थानिक पोलिसांकडे विखुरलेली तपासणी राज्यस्तरीय कक्षाकडे सोपविण्याचा कायदा २०२० मध्ये केला. तो कक्ष २०२४ पासून कार्यरत झाला.

भारतात २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. दोन तपासण्यांमधील अंतर वाढल्याने या काळात घडलेल्या गुन्ह्याची किंवा कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारीची वार्ता परवाना प्राधिकाऱ्यापर्यंत पोहोचणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

निष्कर्ष

पडताळणीत दोन भिन्न कार्ये एकत्र आली आहेत. नोंद ठेवणे हे केंद्राचे काम आहे. परगावी झालेली शिक्षा ठाण्याच्या वहीत सापडत नाही. माणूस ओळखणे हे मात्र स्थानिकाचे काम आहे. शेजारच्या भांडणाची व घरातील धमकीची माहिती दिल्लीतील संगणकास आपोआप कळत नाही. म्हणून नोंदींचे केंद्रीकरण, चौकशीचे स्थानिकीकरण आणि चौकशी करणारा व निर्णय देणारा यांच्यात अंतर, अशी त्रिविध रचना इष्ट ठरेल. पोलीस अहवालाविना परवाना देण्याची मुभाही रद्द व्हावयास हवी. वासाहतिक कायद्याने संपूर्ण समाजावर संशय घेतला. प्रजासत्ताकाच्या कायद्याने प्रत्येक व्यक्तीची तपासणी करावी, पण ती कन्हानच्या दोन्ही तीरांवर सारख्याच कसोशीने करावी.