अणूचा शोध आणि खाणीतला घाम

आमचे शिक्षण कॉलेजात झालेले नाही. कामगारांत हिंडताना मिळेल ते पुस्तक वाचीत आम्ही शिकलो. कामठीच्या कोळसा-खाणीही आम्ही आतून पाहिल्या. म्हणून अणूची कथा आम्ही खाणीच्या तोंडाशी उभे राहून सांगतो.

अणू अभंग आहे, ही समजूत १८९७ साली थॉमसनच्या इलेक्ट्रॉनने मोडली. १९११ साली रदरफर्डने अणूचे केंद्रक दाखविले. १९३२ साली चॅडविकला न्यूट्रॉन सापडला. पण काही केंद्रकांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडे, तेव्हा ऊर्जेचा हिशेब जुळत नसे. ही तूट एखादा विद्युत्‌भार नसलेला कण नेत असावा, असा तर्क पाउलीने १९३० साली केला. तोच न्यूट्रिनो.

विश्वकिरण हवेवर आदळले की न्यूट्रिनोही जन्मतात. इतर कणांच्या गर्दीत ते ओळखावेत कसे? गर्दी अडवायला जाड खडक हवा. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. ओसाका व डरहॅम येथील सहकाऱ्यांसह त्यांनी १९६५ साली, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. त्याच साली दक्षिण आफ्रिकेतही, सोन्याच्याच खाणीत, हे घडले.

यंत्रे शास्त्रज्ञांची, बुद्धीही त्यांची. पण ती खोली कोणी खणली? उकाड्यात, खडक फुटण्याच्या भयात, पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कामगारांनी. २००१ साली खाण बंद पडली. शोधाच्या इतिहासात त्यांच्यासाठीही एक ओळ असावी, एवढेच आमचे मागणे.